आत्याच्या डोळ्यापासून आकाशापर्यंत

शीट १. सेक्शन

आधी हे बघा. म्हणजे वाचा. चित्र इथे चिकटवता येत नाही, म्हणून मी ते शब्दांनीच काढते.

एक आडवी रेघ. हा रस्ता.

त्याच्या खाली, आठ मीटर नव्वद सेंटीमीटरवर, दुसरी आडवी रेघ. हा फलाट. स्टेशन जमिनीखालचं आहे.

दोन्हींच्या मधे, डाव्या अर्ध्या भागात, तिकिटांचा मजला. त्याच्या कडेला खाली लोंबणारा जाड चौकोन म्हणजे बीम. फलाटापासून बीमच्या खालच्या कडेपर्यंत बरोब्बर चार मीटर. बीमच्या पलीकडे काहीच नाही. मजला नाही, छप्पर नाही, रस्त्यापर्यंत सगळं मोकळं. थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत.

इमारत वरपासून खालपर्यंत सुरीने कापली आणि कापलेल्या बाजूने बघितली की जे दिसतं, त्याला आम्ही सेक्शन म्हणतो. तर हा आमच्या स्टेशनचा सेक्शन. फलाटावर एक बाई उभी आहे. हातात पर्स, एक पाऊल पुढे. तिच्या डोळ्यापासून एक तुटक रेघ निघते, बारा मीटरवरच्या बीमच्या कडेला खालून घासून जाते, छत्तीस मीटरवरच्या भिंतीच्या माथ्यावरून सुटते आणि कागदाबाहेर पडते. रेघेच्या टोकाला मी लिहिलं होतं: आकाश.

आणि शीटच्या तळाशी, मोठ्या अक्षरात:

गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला, पहिलं पाऊल टाकताच, आकाश दिसेल.

रेघ माझी. वाक्य माझं. आठ वर्षं मी या ऑफिसात दुसऱ्यांच्या इमारतींचे जिने, संडास आणि पार्किंग काढत होते. या स्पर्धेत पहिल्यांदा अख्खी कल्पना माझी होती, आणि दुपारी चार वाजता परीक्षकांसमोर ती मांडणारही मीच होते.

बाई मात्र माझी नाही. ती ऑफिसची.


शीट २. ती बाई

प्रत्येक ड्रॉइंगमधे एखादा माणूस उभा करावा लागतो. त्याशिवाय दार दाराएवढं आहे की किल्ल्याएवढं, ते कळत नाही. बाकीच्या ऑफिसांत कोट घातलेले, कुत्रा फिरवणारे, सायकलवाले असे तयार लोक असतात. आमच्याकडे एकच. आत्या.

तेवीस वर्षांपूर्वी मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या सरांच्या वडिलांनी, आपल्या बहिणीचा फोटो काढला आणि त्याच्यावरून ही आकृती गिरवली. तेव्हापासून आमचं ग्रंथालय, दोन बस डेपो, पोस्टाची इमारत, एक पोहण्याचा तलाव, सगळीकडे आत्या उभी. ड्रॉइंग पुरं झालं असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. "आत्या उभी केली का?" असंच विचारतात. मोठे सर गेले, संगणक चार वेळा बदलले, पण आत्याची फाइल प्रत्येक नव्या संगणकात पहिली जाते.

तर माझ्या रेघेला डोळा हवा होता. मी आत्याचा घेतला. आमच्यातल्या कोणीही तोच घेतला असता.

आत्याची उंची किती, हे मी विचारलं नाही. तेवीस वर्षांत कोणीच विचारलं नव्हतं.


शीट ३. सव्वानऊ

मॉडेल बनवणाऱ्याला ऑफिसात सगळे उंट म्हणतात, तोही फोन उचलून "उंट बोलतोय" म्हणतो. एकशे अठ्ठ्याऐंशी सेंटीमीटर. मागच्या खोलीत त्याचं राज्य: करवतीचा भुसा, गोंदाचे डबे, आणि ओट्यावर मधोमध आमचं जवळजवळ दोन मीटर लांबीचं स्टेशन, खऱ्याच्या विसाव्या भागाएवढं.

मी आत गेले तेव्हा तो गुडघ्यांवर बसून, एक डोळा मिटून, मॉडेलच्या टोकाशी लागला होता.

"ये खोडरबर," तो म्हणाला. हे माझं नाव. मी काढते त्याहून जास्त खोडते, म्हणून. "तुझ्यासाठी एक गंमत केली आहे. परीक्षकांना नुसतं भोक ठेवायचं ना बघायला? मी सरकणारी पट्टी केली. ज्याची जेवढी उंची, तेवढ्यावर सरकवायची आणि आपापल्या डोळ्याने बघायचं. एकशे वीसपासून एकशे नव्वदपर्यंत. आकडे बघ, मुंगीच्या पायाने लिहिलेत."

"उंटदादा, तू ग्रेट आहेस!"

"ते आहेच. पण आकाश दिसत नाहीये."

मी हसले. तो हसला नाही.

वाकले. पट्टी एकशे अठ्ठ्याऐंशीवर होती. भोकातून फलाट दिसला, खांब दिसले, बीम दिसला, आणि बीमच्या खाली भिंत. नुसती भिंत.

पट्टी माझ्या उंचीवर आणली, एकशे त्रेसष्ट. बीम आणि भिंतीच्या मधे उजेडाचा एक धागा. महिनाभर संगणकावर मी हाच धागा माझ्याच उंचीच्या डोळ्याने बघत होते आणि खूश होत होते.

एकशे त्रेपन्न. छान, मोकळं, निळं. उंटाने मागे निळा कागद लावला होता.

एकशे सहासष्ट. गेलं.

"परत कर," उंट म्हणाला.

परत केलं. गेलं.

मी पेन्सिल घेतली आणि भिंतीकडे वळले.

टीप: हिशोब सोपा आहे, मी भिंतीवरच केला. डोळा जितका वर, तितकी बीमखालून जाणारी रेघ चपटी. चपटी रेघ भिंतीला आदळते. एकशे पासष्टच्या वरच्या कोणालाही आमच्या स्टेशनातून आकाश दिसणार नव्हतं. जगातले निम्मे लोक! फलाटावर टाचा उंचावून नाही, गुडघे वाकवून उभे राहिले असते.


शीट ४. फोन

सर आले. सर पंचावन्नचे, सदऱ्याच्या खिशात नेहमी तीन पेन्सिली, कोणतीही न तासलेली. ऐकलं, खुर्ची ओढली, बसले नाहीत. फोन काढून स्पीकरवर टाकला.

"आत्या, एक विचारायचं होतं. तुझी उंची किती?"

"कशाला? लग्न जमवतोयस का माझं?"

"आत्या, घाई आहे."

"मग तर नकोच. घाईत जमवलेली लग्नं बघितलीयत मी. तुझंच एक."

उंटाने तोंडात रुमाल कोंबला.

"अगं, स्टेशनचं काम आहे. आज चार वाजता. उंची सांग."

"आता माहीत नाही, आता रोज थोडी थोडी कमी होतेय. तुझ्या बाबांनी तो फोटो काढला तेव्हा एकशे त्रेपन्न. चांगली आठवते, कारण ते म्हणाले, आणखी दहा असतीस तर बरं झालं असतं. मी म्हटलं, मग दुसरी बहीण शोध."

"मग त्यांनी तुलाच का घेतलं?"

"मी डबा द्यायला आले होते रे. दुसरं कोणी उभं राहायला तयार नव्हतं. आणि काय रे बाळ्या, ते स्टेशन मला कधी दाखवणार? चार वाजता कुठे?"

सरांनी पत्ता सांगितला आणि फोन ठेवला. मग खाली बसले.

"पोस्टाच्या इमारतीतल्या खिडक्या," ते हळूच म्हणाले.

"काय?"

"दहा वर्षं तक्रारी येतायत. खिडक्या खाली आहेत, वाकावं लागतं. मी म्हणायचो लोकांना सवय नाही." त्यांनी कपाळाला हात लावला. "बाबा त्या खिडक्या आत्याला समोर उभं करून ठरवायचे. ड्रॉइंगमधे बघून. छान दिसायच्या."


शीट ५. रद्द

(हे शीट सरांचं. मी ते रद्द केलं, पण फाडलं नाही, कारण त्यांची बाजूही ऐकायला हवी.)

"पट्टी काढा. भोक एकशे त्रेपन्नला पक्कं करा. परीक्षक वाकतील, बघतील, आकाश दिसेल. जिंकल्यावर दुरुस्त करू. जिंकलोच नाही तर दुरुस्त काय करणार?"

"सर, वाक्यात 'प्रत्येकाला' आहे."

"बदल. 'अनेकांना' कर."

"'गाडीतून उतरणाऱ्या अनेकांना आकाश दिसेल.' सर, तुम्हीच मोठ्याने म्हणून बघा. हवामानखात्याचा अंदाज वाटतो."

"खोडरबर, साडेनऊ वाजलेत. दोन डेपो आणि एक तलाव यांच्या जोरावर आपण शेवटच्या चारांत आलोय. बाकी तिघांकडे प्रत्येकी दोनशे माणसं आहेत. आपण अकरा. त्यातला एक उंट. आज नाही तर पुन्हा कोणी आपल्याला स्टेशनच्या दारात उभं करणार नाही."

"आणि मी तिथे उभी राहून 'प्रत्येकाला' म्हणू? माहीत असताना?"

"तू म्हणू नकोस. मी म्हणतो."

हे मला लागलं. तेही त्यांना कळलं, पण उंटाकडे वळून ते म्हणाले, "काढ ती पट्टी."

पट्टीचे स्क्रू खालून होते. उंटाने माझ्याकडे बघितलं, खांदे उडवले. "एक टोक धर. उलटं करावं लागेल."

धरलं. डोळे भरून आले होते, म्हणून नीट धरलंही नव्हतं. एक, दोन, तीन, आणि स्टेशन पालथं झालं. फलाट वर, रस्ता खाली. उंट स्क्रूड्रायव्हर शोधायला लागला. मी टोक धरून उभी.

आणि मला तो दिसला.

बीम. लोंबत नव्हता. स्लॅबवर उभा होता.


शीट ५ अ.

"उंटदादा, स्क्रूला हात लावू नको!"

"का?"

"बीम वर!"

"उलटं केलंय आपण. सगळंच वर आहे."

"नाही, सुलटं केल्यावरही वर! सर! बीमला खाली लोंबायची काय गरज आहे? स्लॅब आहे तिथेच ठेवायचा आणि बीम त्याच्या वर काढायचा. उलटा बीम! साठ सेंटीमीटर खाली लोंबतोय, ते साठ वर गेले की खालची कड चार मीटरवरून चार-साठला!"

"मजल्यावर साठ सेंटीमीटरचा बांध येईल. लोक अडखळतील."

"कडेला आहे सर! ड्रॉइंगमधे तिथे आपला कठडाच आहे!"

मी भिंतीवर भराभरा आकडे मांडले. बीम चार-साठला असेल तर डोळा दोन मीटर चव्वेचाळीसवर असला तरी रेघ सुटते. दोन मीटर चव्वेचाळीस! तेवढ्या उंचीवर डोळा असलेला माणूस रेल्वेने नाही जात, सर्कशीत जातो.

"सात तासात बीम फिरवायचा," सर म्हणाले. "इंजिनिअर बाईंना विचारून, सेक्शन पुन्हा काढून, छापून, मॉडेल कापून. आणि बाई नाही म्हणाल्या तर?"

"सहा तासात," उंट म्हणाला. "दहा वाजत आले."

"सर," मी म्हटलं, "एकदा बघा. तुमच्या उंचीला. आत्ता आहे तसंच."

आम्ही मॉडेल सुलटं केलं. पट्टी एकशे बहात्तरवर आणली. सर गुडघ्यांवर बसले, त्यांचे गुडघे कुरकुरले, एक पेन्सिल खिशातून घरंगळून फलाटावर पडली. बराच वेळ ते भोकाला डोळा लावून होते. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, भिंत होती.

"माझ्याच स्टेशनातून," ते म्हणाले, "मलाच दिसत नाही."

उठले.

"करा."


शीट ६. आणखी एक फोन

इंजिनिअर बाईंचं ऑफिसातलं नाव नाहीबाई. तोंडावर कोणी म्हणत नाही.

"नाही," त्या म्हणाल्या.

"बाई, मी अजून काहीच बोलले नाही."

"स्पर्धेच्या दिवशी सकाळी दहाला फोन करतेस, म्हणजे काहीतरी हलवायचंय. नाही."

"हलवायचं नाही. उलटं करायचंय."

"काय उलटं?"

"कडेचा बीम. खाली आहे तो वर घ्यायचा. स्लॅब तिथेच."

"जिना?"

"दोन्ही टोकांना. बीमच्या वाटेत एकही नाही."

"खांबापासून खांब?"

"नऊ मीटर."

पेन्सिलीचा आवाज ऐकू आला. "स्लॅब बीमच्या खालच्या अंगाला लटकणार. सगळा भार सळ्यांच्या रिंगांनी वर उचलायचा. जवळजवळ घालाव्या लागतील."

"घालू या!"

"तू काय घालणार? तू रेघा काढणार." आणखी पेन्सिल. "पाऊण तास दे."

"बाई, प्लीज नाही म्हणू नका."

"दोनदा म्हणून झालंय. तिसऱ्यांदा म्हणायचं का, ते पाऊण तासाने."


शीट ७. सगळं एकदम

आणि मग पाऊण तास थांबायचं कोणी, सर म्हणाले सुरू करा, नाही आलं तर नाही आलं, आणि उंटाने करवत लावली आणि महिनाभर घासून गुळगुळीत केलेला बीम कटकट तुटून भुशात पडला आणि मी पुढच्या खोलीत सेक्शन उघडला आणि बीम उचलला आणि वर ठेवला आणि बघते तर काय, मजल्यावर पंधरा सेंटीमीटरची फरशी आणि तिच्याखालच्या वायरी येतात, म्हणजे साठातले पंधरा गेले, उरले पंचेचाळीस, पंचेचाळीस, पंचेचाळीस, हा आकडा मी कुठे बघितलाय, म्हणून मी टेप घेऊन स्वतःच्या खुर्चीखाली शिरले आणि शेजारची मुलगी म्हणाली काय हरवलं गं आणि मी ओरडले पंचेचाळीस! खुर्चीची बैठक जमिनीपासून पंचेचाळीस!

बाक.

बीम म्हणजे बाक. कडेला, स्टेशनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाठीला काचेचा कठडा, खाली गाड्या, वर आकाश, आणि चाळीस सेंटीमीटर रुंद बैठक जी बांधायला एक वीटही जास्त लागणार नाही, कारण ती आधीच तिथे आहे, स्टेशन पेलून धरतेय.

मी मागच्या खोलीत धावले. सर उंटाला गोंद लावून देत होते, बाहीला, चष्म्याला, सगळीकडे गोंद.

"सर, बाक झाला!"

"कसला बाक?"

सांगितलं. सरांनी गोंदाची कुपी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग उंटाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांना काहीतरी मोठं म्हणायचं होतं, तोंड उघडलंही होतं.

"फॅन लाव," ते म्हणाले. "गोंद वाळायला हवा."


शीट ८. दहा पंचावन्न

फोन वाजला. सगळे अकराजण एका टेबलाभोवती.

"हो," इंजिनिअर बाई म्हणाल्या.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"ऐकू येतंय का? हो म्हटलं मी."

"बाई," सर म्हणाले, "पुन्हा म्हणता? आमच्यातल्या कोणी हे अजून ऐकलेलं नाही."

"चेष्टा पुरे. बीमची रुंदी चाळीसची पंचेचाळीस करा. आणि माझी मुलगी म्हणते त्यावर बसता येईल का?"

"तोच तर बाक आहे बाई!"

"मग बरोबर," त्या म्हणाल्या. "मुलीला सांगते. सातवीत आहे, तिला वाटतं मी नुसती लोकांना अडवते." आणि फोन ठेवला.


शीट ९. वाहतूक

तीन वाजून पाच मिनिटं. छापलेली शीटं नळीत. मॉडेल चादरीत, टेम्पोच्या मागे, शेजारी उंट, दोन्ही हातांनी नवा बीम धरून, कारण गोंद नव्वद टक्के वाळला होता आणि दहा टक्क्यांवर त्याचा भरवसा नव्हता. टेम्पोत तो चौघडी घातलेल्या शर्टासारखा बसला होता. प्रत्येक सिग्नलला मी पुढच्या खिडकीतून विचारत होते, "आहे?" आणि आतून आवाज यायचा, "आहे!" तिसऱ्या सिग्नलला टेम्पोवालाच ओरडला, "आहे का हो?"

"आहे!"

मी मनातल्या मनात भाषण म्हणत होते. आधीचं भाषण 'शहराशी संवाद' वगैरेपासून सुरू व्हायचं. ते सगळं खोडलं. उरलं एक वाक्य, शीटच्या तळाचं. त्याला हात लावला नव्हता.


शीट १०. चार

लांब टेबल, पाण्याचे पाच ग्लास, पाच परीक्षक. मागे खुर्च्यांच्या रांगा, कोणीही येऊन बसावं अशा. शेवटच्या रांगेत एक छोटीशी म्हातारी बाई, मांडीवर पर्स. मी तिला याआधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं आणि तरी दारातच ओळखलं. ते पुढे टाकलेलं पाऊल! ती बसतानाही तसंच ठेवते.

आम्हाला पंधरा मिनिटं, शेवटी घंटी.

मी वाक्य म्हटलं. मग म्हटलं, "विश्वास ठेवू नका. बघा. आपापल्या उंचीने."

पहिल्या परीक्षक बाई उठल्या, चाकांच्या खुर्चीतून आलेले दुसरे गृहस्थ पुढे सरकले. त्यांच्या डोळ्याच्या उंचीला तर आकाश भरभरून होतं. "मला जास्त आहे," ते शेजारच्यांना म्हणाले, आणि ते म्हणाले, "बघू, बघू," आणि रांगच लागली. पट्टी वर, पट्टी खाली. सर भिंतीला टेकून उभे होते, तिन्ही पेन्सिली मुठीत. उंट मॉडेलशेजारी, श्वास रोखून, एक बोट बीमजवळ, लागलंच तर असावं म्हणून.

मग अध्यक्ष उठले.

ते उठत गेले. उठतच गेले. बसलेले असताना कळत नव्हतं, कारण ते पोक काढून बसायचे, जसे आयुष्यभर दारांखालून वाकून गेलेले लोक बसतात.

"एकशे शहाण्णव," ते म्हणाले. "तुमची पट्टी नव्वदला संपते."

गणित मला पाठ होतं, पण त्यांनी 'प्रत्येकाला' या शब्दाखाली, समोरच्या कागदावर, आधीच रेघ मारलेली दिसत होती.

उंट पुढे आला. त्याने कानावरची पेन्सिल काढली, एकशे नव्वदच्या वर तीन मिलिमीटरवर एक खूण केली, सहा सेंटीमीटर म्हणजे आमच्या मॉडेलात तीन मिलिमीटर, पट्टी खाचेतून अलगद वर ओढली आणि दोन बोटांत तिथेच धरून ठेवली. त्याचा हात जराही हलला नाही.

"बघा साहेब. धरलीय."

अध्यक्ष वाकले. बराच वेळ लागला वाकायला. डोळा लावला.

घंटी वाजली. पंधरा मिनिटं झाली. कोणी लक्ष दिलं नाही.

ते भोकापासून हलेनात. बाई परीक्षक म्हणाल्या, "अहो, पुढचे वाट बघतायत."

"थांबा हो," ते भोकापाशीच म्हणाले. "दिसतंय मला."

आणि पुन्हा, जरा वेगळ्या आवाजात, "मलासुद्धा दिसतंय."

मग सरळ झाले, पट्टीवरचे आकडे चष्मा लावून वाचले आणि खालच्या अर्ध्या भागातल्या एका लाल खुणेवर बोट ठेवलं. ती उंटाने त्याच दुपारी केली होती. "हे एकशे त्रेपन्न कोण?"

"आमची आत्या," मी म्हटलं. "आधीचं स्टेशन तिच्यापुरतंच होतं. सकाळी साडेनऊपर्यंत." आणि मी बीमची सगळी गोष्ट सांगून टाकली. सांगायचं ठरलं नव्हतं. सरांनी डोळे मिटून घेतले.

"ही आत्या खरी आहे?"

"खरी म्हणजे काय!" शेवटच्या रांगेतून आवाज आला. "इथे बसलेय मी मघापासून. इथून काहीही दिसत नाही."

हॉलभर हशा. अध्यक्षांनी स्वतः तिला हाताला धरून पुढे आणलं. एकशे शहाण्णव आणि आता उरलेली एकशे एकोणपन्नास, चालत. आत्या मॉडेलपाशी आली, पट्टी खाली घेतली, बघितलं, मान हलवली.

"मला तर सकाळीही दिसत होतं म्हणे," ती म्हणाली. "पण आता जास्त आहे."


शीट ११. सुधारणा

पत्र गुरुवारी आलं. सरांनी ते उभ्यानेच वाचलं, मग मोठ्याने वाचलं, मग उंटाने त्यांना खरोखर उचललं, आणि चष्मा पडला, आणि कोणी उचललाच नाही. पत्रात ओळ होती: बीमच्या बाकासह, आहे तसंच बांधावं.

आता बांधकामाची ड्रॉइंगं सुरू आहेत. सेक्शनमधे फलाटावर गर्दी आहे. एकशे शहाण्णव आहेत, पोक न काढता. उंट आहे. चाकांची खुर्ची आहे. इंजिनिअर बाई आणि त्यांची मुलगी आहे. प्रत्येकाच्या डोळ्यापासून एक तुटक रेघ निघते आणि सगळ्या रेघा कागदाबाहेर जातात. कागद मोठा घ्यावा लागला.

काल पहिलं शीट छापायला लावण्याआधी सरांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"आत्या कुठे?"

"ही काय, फलाटावर. नेहमीसारखी."

सरांनी खिशातून पेन्सिल काढली. या वेळी तासलेली होती. फलाटावरच्या आत्यावर हलकी फुली मारली, आणि वर, बीमवर, एक छोटा गोल काढला.

"तेवीस वर्षं उभी आहे ती," ते म्हणाले. "बसव आता तिला."